अब्बा फिब यांची बाज

मी दिव्यात तेल घालायला गेलो होतो, एवढंच. वाळूचं वादळ सुटलं होतं आणि भर दुपारी मठात दिवे लावायची वेळ आली होती.

त्या काळी आमच्या नाईलकाठी संतपुरुष वारला, की त्याला पुरत नसत. पट्ट्यांत गुंडाळून बाजेवर ठेवायचे आणि येईल त्याने पाय चाचपून जायचं. याला भक्ती म्हणायची! माझे गुरू अब्बा फिब मरताना गयावया करत म्हणाले होते, "मला असं मांडून ठेवू नका रे. वाळूत पूर. जागा कुणाला सांगू नकोस." मी शब्द दिला आणि आदल्या पहाटे, एकट्यानेच, तो पाळला.

पण मठाचा कारभारी कोलुथ बिलंदर. त्याने रिकाम्या बाजेवर खजुराच्या काथ्याचं बुजगावणं रचलं आणि त्यावर पट्ट्या आवळल्या.

"लाज वाटत नाही?" मी विचारलं.

"हळू बोल. लोक दारात आहेत. तू तुझा शब्द पाळलास ना? मग मला माझा मठ सांभाळू दे. तेल घाल."

लोक आत आले. पुढे एक आंधळी म्हातारी होती, तसिया. तिने चाचपडत बुजगावण्याचे पाय धरले. खोलीत तेलाचा वास होता. हळूहळू त्यात दुसरा वास मिसळला... खोल खड्ड्यातल्या गार वाळूचा. तो वास मी ओळखत होतो.

"अगं बाई, किती गारठलेत..." तसिया म्हणाली. "बोटांत वाळू अडकलीय. यांना कुणी धूत नाही का रे, मेल्यांनो?"

कोलुथचा चेहरा पडला. बुजगावण्याला बोटं नव्हती.

माझा तोल गेला. "पुरे झालं हे सोंग!" मी छातीवरच्या पट्ट्या टराटरा फाडल्या. काथ्या भसाभस बाहेर आला. "बघा! इथे कुणी नाही! ते तिकडे..."

मी जीभ चावली. जागा सांगून बसलो असतो.

बाहेर वारा घोंघावत होता.

"ओरडू नको रे बाळा," तसिया पुटपुटली. "ते घाबरलेत... पाय ओढून घेतायत..."

तिने पाय सोडले नव्हते. आणि तिचे दोन्ही हात, कोपरापर्यंत, हळूहळू त्या पट्ट्यांच्या आत चालले होते.