टिट्टूसाठी चार सेकंद

दोन सेकंदांत पेटी आठ मीटर जायला हवी होती. ती गेली जेमतेम साडेसहा.

ऊर्जिताने त्वरणावरून अंतर काढायचं सूत्र पुन्हा तपासलं. चूक सापडेना. 'पहाट' अंतराळस्थानकाच्या छोट्या बोगद्यात ही चाचणी चालली होती. बाहेर दुरुस्तीचं काम करणारा यंत्रमानव टिट्टू दोरी तुटल्यामुळे तरंगत चालला होता. बरोबर तीन वाजता तो दारासमोरून, एकवीस मीटर अंतरावरून जाणार होता. त्यानंतर तो हाती लागणार नव्हता. त्याच्याकडे दोरी नेणारी, मऊ फोमची आणि वायूच्या फवाऱ्यावर पळणारी पेटी एकच होती.

"ऊर्जिता, मी अजून दिसतोय ना?" रेडिओवर टिट्टू विचारत होता. तिला बोलायला शिकवण्यात त्याचाही वाटा होता.

"दिसतोयस. आम्ही आलोच," ती म्हणाली.

सुलभाआजी स्थानकातल्या भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी नातीला जवळ ओढलं. "त्वरण (दर सेकंदाला वेग किती बदलतो ते) तू किती धरलंस?"

"चार. पेटी सुटताना तेवढंच होतं."

"आणि नंतर? वायू संपत जातो, तसा त्याचा जोर?"

ऊर्जिता थबकली. "कमी होतो. मापकावर दिसतं, दर सेकंदाला त्वरण एकाने घटतं. चाराचं तीन, तिनाचं दोन. चार सेकंदांनी शून्य. पण आजी, सूत्र तर एकाच त्वरणासाठी आहे."

"मग एकेका सेकंदाचा तुकडा कर. तेवढ्यापुरतं सरासरी त्वरण धर."

ऊर्जिता लिहू लागली. पहिल्या सेकंदाचं सरासरी त्वरण साडेतीन. म्हणजे वेग शून्यावरून सेकंदाला साडेतीन मीटर. सरासरी वेग पावणेदोन, म्हणून अंतर पावणेदोन मीटर. दुसऱ्या सेकंदात त्वरण अडीच, वेग सहावर. अंतर पावणेपाच मीटर. बेरीज साडेसहा.

"चाचणीत एवढंच आलं होतं," ती हळूच म्हणाली.

आता हात थांबेना. तिसऱ्या सेकंदाअखेर वेग साडेसात, चौथ्याअखेर आठ. अंतरं पावणेसात आणि पावणेआठ. एकूण एकवीस मीटर.

"चार सेकंद आधी सोडायची. मी आधी सव्वातीन काढले होते."

"तेव्हा पेटी पोचेपर्यंत तो पुढे गेला असता," आजी म्हणाल्या.

तीनला चार सेकंद कमी असताना ऊर्जिताने कळ दाबली. पुन्हा वायू भरलेली पेटी सुटली, दोरी उलगडत गेली. टिट्टूने दोन्ही हात पसरले आणि पेटी छातीशी घट्ट धरली.

तो आत आल्यावर ऊर्जिता त्याच्या थंडगार खांद्याला बिलगली.

मग तिने विचारलं, "आजी, सेकंदाचे शंभर तुकडे केले तर?"

"उत्तर आणखी अचूक येईल. तुकडे लहान लहान करत नेले, की त्या गणिताला कलन म्हणतात. मंगळावर जाणाऱ्या यानांचे मार्ग त्यानेच आखतात."

ऊर्जिताने कोरं पान काढलं. "मग आधी दहा तुकडे करून बघते," ती म्हणाली. टिट्टू तिच्या शेजारी येऊन बसला आणि बेरजा तपासू लागला.