अष्टमीची बोट

"ताई, लगेच ये. मला चोर म्हणतायत."

एवढं बोलून जयंतीने फोन ठेवला.

श्रुतिका तिची थोरली बहीण. पार्ल्यात राहते. विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकून काढणं हे तिचं पोटापाण्याचं काम. माणसं किती सहज खोटं बोलतात आणि किती वाईट बोलतात, हे ती रोज बघते. तिने चपला घातल्या आणि रिक्षा पकडली.

गोरेगावला पोचायला जीव गेला. गरब्याच्या मैदानाचे बांबू अर्ध्या रस्त्यात घुसलेले. वर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फलक. देवीचा फोटो कोपऱ्यात, स्टॅम्पाएवढा. बाकी सगळी जागा ह्यांच्या दातांना.

जयंतीच्या दारात चार बॅगा उभ्या होत्या. वन रूम किचनच्या त्या घरात दोन दिवस माणसांवर माणसं झोपत होती. सासरे भाऊ आणि सासू जानकी कणकवलीहून आलेले, धाकटा दीर प्रीतम पुण्याहून. बेत प्रीतमचा. बोटीवर चढायच्या आधी दोन दिवस मुंबईत राहू, नवरात्र बघू, मग अष्टमीला समुद्रात. हॉटेलवाल्यांनी सणाचे भाव सांगितल्यावर बेतातलं हॉटेल म्हणजे जयंतीचं घर, असं आपोआप ठरलं. तिला कुणी विचारलं नाही.

बोटीवर मात्र तिचं नाव नव्हतं. घरात घट बसलेले. अखंड दिवा. घराला कुलूप लावायचं नाही आणि दिवा एकटा सोडायचा नाही. भाऊ-जानकीला गावी झेपेना म्हणून तीन वर्षांपूर्वी घट इथे आले, आणि घटांबरोबर ही कैदही.

"काय गेलंय?" श्रुतिकाने विचारलं.

"माझी खणाची पिशवी," जानकीबाई उसळल्या. "सगळ्यांची आधार कार्डा, मतदानाची कार्डा तेच्यातच. ती नाय तर बोटीर कोण घेता आमका? दुपारी बाराक बंदरावर हजर व्हायचा हा!"

"शेवटची कधी बघितलीत, मावशी?"

"काल संध्याकाळी. टीव्हीवर ठेवलेली. सकाळी नाय."

"बाहेरचं कोणी आलं?"

"कोण येतलो? घरातलाच आसा." त्यांनी जयंतीकडे बघितलं. "जेका नेला नाय, तेच्याच पोटात दुखतला ना? आज अष्टमी, आणि देवीसमोर ह्या असला!"

जयंती ओट्याला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

"सगळं घर उलटंपालटं केलं," नितेश पुटपुटला. जयंतीचा नवरा. बायकोला चोर म्हणत होते तेव्हा हा बॅगांच्या चेन तपासत होता. "तिचं कपाटसुद्धा बघितलं, ताई."

"कुणी बघितलं?"

नितेश परत बॅगेची चेन ओढायला लागला.

"तू बघितलंस? बायकोचं कपाट? शाब्बास रे मर्दा."

श्रुतिका घटासमोर बसली. लाकडी पाट, खाली चार बोटं पोकळी. पाटावर पत्रावळ, पत्रावळीत काळी माती, त्यात वीतभर वाढलेले पोपटी कोंब, मधोमध घट. वरच्या दोरीला रोजची एकेक माळ. पहिल्या वाळून कोळपलेल्या, शेवटची झेंडूची ताजी. बाजूला समई. पाटाजवळ घडी घातलेलं जुनं फडकं.

"हे कशाला?"

"पाणी घातलं की पाटाच्या फटीतून निथळतं," जयंती म्हणाली. "खालून लादीवर येतं. ते पुसायला."

"आज घातलंस?"

"घातलं की. आंघोळ केली, माळ बांधली, पाणी घातलं. मग चहा टाकला, आणि मग हे सुरू झालं."

श्रुतिकाने फडक्याला हात लावला. कोरडं. लादीही कोरडी. नजर वर गेली, माळांवरून हळूहळू फिरली. नऊ.

"घटाला हात कोण लावतं?"

"मीच."

"पूर्वी गावी?"

"माळ मी बांधायचो, पाणी ही घालायची," खुर्चीतून भाऊ म्हणाले. "चाळीस वर्षां."

"भाऊ, तुम्हाला जायचंय ना बोटीवर?"

"खरा सांगू? नाय. नवरात्रात बोटीवर काय काय शिजवतत, देवाक ठाऊक. पण पोराने एवढ्या हौसेन ठरवल्यान."

जानकीबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं, की आता चोर बदलतोय की काय, असं वाटलं.

"कोणत्या बोटीचं तिकीट आहे? बघू."

प्रीतम इतका वेळ खिडकीशी पाठमोरा होता. "तिकीट पिशवीतच होतं, ताई. प्रिंट."

"फोनवर असेल ना."

"फोन चार्जिंगला लावलाय."

"खिशात उजेड दिसतोय तो कसला?"

प्रीतमने खिशावर हात ठेवला. "ऑफिसचा आहे. यार, तुम्ही पण काय पोलिसासारखं… पिशवी नाही तर बोट नाही. वाट लागली, विषय संपला. वहिनीला काही बोलू नका आता. झालं ते झालं."

"झालं ते झालं?" श्रुतिका म्हणाली. "एवढी मोठी हौस, आणि तू सगळ्यांत आधी हार मानतोस? बंदरावर फोन केलास? कार्डाचा फोटो चालेल का, विचारलंस?"

"नाही चालत."

"विचारलंस का, ते विचारते मी."

प्रीतम परत खिडकीकडे वळला.

"अगं ताई, तो बिचारा जूनपासून मागे लागलाय," नितेश मध्ये पडला. "घटस्थापनेपासून बोटांवर मोजून आठवा दिवस काढला आणि लगेच बुक केलं. आम्हाला ग्रुपवर एवढंच टाकलं, अष्टमीला निघायचं. आम्ही कालनिर्णय बघून रजा टाकल्या."

श्रुतिकाने डोळे मिटले. उघडले.

"जयंती, पाटाखाली हात घाल."

"पाट हलवायचा नसतो, ताई."

"हलवू नकोस. नुसता हात घाल."

जयंतीने हात घातला. बाहेर आली ती खणाची पिशवी, पिळून पाणी काढावं इतकी चिंब. खणाचा रंग सुटून मतदानाची कागदी कार्डं जांभळी झालेली.

"बघा!" जानकीबाई ओरडल्या. "घटाक हात हीच लायता! तिनाच लपवल्यान!"

"मावशी, एक मिनिट गप्प बसा. तुमच्या सुनेची अब्रू तुम्ही सकाळपासून धुताय, मला फक्त वाळत घालू द्या."

श्रुतिकाने ओली पिशवी जयंतीच्या हातातून घेतली.

"जयंती रोज पाणी घालते. खाली किती निथळतं, ते तिला माहीत. त्यासाठी तिने फडकं ठेवलंय. पिशवी लपवायची असती, तर तिने जगात कुठेही लपवली असती, इथे नाही. आज पाणी बाहेर आलंच नाही. फडकं कोरडं, लादी कोरडी. ते सगळं खाली पिशवीने प्यायलं. म्हणजे पिशवी रात्री कुणीतरी सरकवली, आणि त्या माणसाला हे पाणी ठाऊक नव्हतं. भाऊंना ठाऊक. मावशी, तुम्हालाही ठाऊक. चाळीस वर्षं पुसलंत. ह्या घरात घटाला कधी हात न लावलेली माणसं दोनच. तुमचे दोन मुलगे."

नितेश पांढरा पडला. "ताई, मी कशाला—"

"तू कशाला! तुझ्यात एवढी हिंमत नाही. प्रीतम, वर बघ. माळा किती?"

प्रीतमने वर बघितलं नाही.

"नऊ," भाऊ म्हणाले.

"आणि तिथी?"

"अष्टमी." भाऊ थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "यंदा तृतीया दोन दिस होती…"

"हो. एक तिथी दोन दिवस राहिली, म्हणून आठवी माळ काल झाली आणि अष्टमी आज आली. ह्याने जूनमध्ये बोटांवर मोजून आठव्या दिवसाची बोट काढली. आणि तुम्हाला सांगितलं, अष्टमी. तिकिटावरची तारीख पुन्हा बघितली नाही. मेल उघडले नाहीत. काल संध्याकाळी बोटीवाल्यांचा मेसेज आला असेल, तुम्ही आला नाहीत, बोट सुटली. काय रे?"

प्रीतमने खिशातला फोन मुठीत दाबला.

"बोल ना. इतका वेळ बोलत होतास."

"काल," तो शेवटी म्हणाला. आवाज फाटका. "काल गेली. मी… आईला कसं सांगणार होतो? तिने नव्या साड्या घेतल्या, शेजारी सांगून झालं. म्हटलं, पिशवी हरवली तर कुणाचीच चूक नाही. संध्याकाळी मीच शोधून दिली असती. पाटाखाली कुणी बघणार नाही, देवाला कोण हात लावतं."

"कुणाचीच चूक नाही? सकाळपासून ती चोर झाली, तेव्हा तू खिडकीतून काय बघत होतास? समुद्र?"

"वहिनी, सॉरी. मी सांगणारच होतो."

जानकीबाई मटकन खाली बसल्या. ओली पिशवी मांडीवर घेतली, कार्डं एकेक करून पदराला पुसायला लागल्या. सुनेकडे बघायचं टाळत होत्या. मग, सवयीनेच, तोंडातून निघालं, "आता चार दिस हयच रव्हूचा लागतला. जयंती, जेवणाचा काय?"



जयंतीने खोचलेला पदर सोडला. ओट्यावरची तेलाची बुधली उचलली आणि प्रीतमच्या हातात दिली.

"आता कुणी कुठे जात नाही ना?"

"नाही, वहिनी."

"मग दिव्याजवळ माणसं आहेत. घराला कुलूप लागणार नाही." तिने दारामागची पर्स काढली. दारात उभ्या असलेल्या चार बॅगा पायाने बाजूला सारल्या. तीन नवरात्रांत पहिल्यांदाच तिने दिवसाढवळ्या चपला घातल्या. "ताई, चल. कुठेही चल. मला देवीचा मंडप बघायचाय, भेळ खायचीय."

"जयंती," नितेश म्हणाला, "आणि कपाटाचं…"

"कपाट उघडंच आहे. अजून काही बघायचं असेल तर बघून घे."

उंबऱ्यात ती थांबली, वळली.

"भावजी, दिव्यात तेल कमी पडू देऊ नका. आधी आंघोळ करा. आणि उद्या सकाळी घटाला पाणी घालाल ना, फडकं तिथेच आहे. पुसायचं कसं, ते आई शिकवतील."