छत्रीखाली

वरून काढलेला फोटो खोटं बोलतो, असं गुरुराज नेहमी म्हणायचा. त्यात गोपुरं कलतात, माड आडवे पडल्यासारखे दिसतात. तो ते सगळं संगणकावर सरळ करायचा, पट्टी ठेवून जमीन मोजता येईल इतकं सरळ. मग घराचं नुसतं छप्पर उरतं, माणसाचं नुसतं डोकं. बायको, विनुता, गेल्यापासून तंजावरात त्याला दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ड्रोनने टिपलेली त्याचीच गल्ली नंदिता तपासत होती. नकाशांच्या त्या कचेरीत मराठी बोलणारी तीच एक.

"सार, तुमच्या मोट्टमाडीवर कोण बसलंय?"

"माझ्या गच्चीवर? कावळे असतील."

"अय्यो, कावळे छत्री धरतात होय?"

गुरुराज उठून आला. गच्चीवर पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर वाळत घातलेल्या वडामांच्या, तांदळाच्या पापड्यांच्या, रांगा, कडेला उघडी काळी छत्री. छत्रीला तांबडं ठिगळ.

विनुता दर उन्हाळ्यात वडाम घालायची नि कावळे हाकत तीच छत्री धरून बसायची. ठिगळही तिचंच, जुन्या लुगड्याचं. तेराव्याला भटजी नवी छत्री दान द्या म्हणत होते. हा हट्टाला पेटला. "दिलेलं तिला पोचतं ना? मग तिचीच द्या." आणि दिली. त्याला दोन वर्षं झाली.

सरळ केलेल्या नकाशात छत्रीखालचं काही दिसेना. कसं दिसणार? तिरकेपण त्यानेच काढून टाकलं होतं. एकदा, फक्त एकदा तिचं तोंड दिसावं, एवढंच त्याला हवं होतं. नंदिता जेवायला गेल्यावर त्याने मूळचे फोटो उघडले. शेजारच्या गल्लीवरून घेतलेल्या एका फोटोत त्याचं घर बाजूने दिसत होतं. छत्रीही कललेली.

खाली विनुता होती. मान वर करून बघत होती.

तो ढसाढसा रडला.

डोळे पुसल्यावर दिसलं, ती एकटी नव्हती.

शेजारी एक पुरुष मांडी घालून बसला होता. तोंड छत्रीआड. अंगात पोपटी शर्ट.

गुरुराजने हळूच खाली, स्वतःकडे पाहिलं. असला भडक शर्ट त्याने आज जन्मात पहिल्यांदा घातला होता. लेकीने, शांभवीने, बंगळुरूहून पाठवलेला; कालच कुरिअरने आला.

त्याने तिला फोन लावला. "शर्ट कधी घेतलास गं?"

"या सोमवारी, अप्पा. का? होत नाही?"

"होतो की. अगदी माझ्या मापाचा आहे."

नंदिता परतली तेव्हा तो पिशवी घेऊन दारात होता.

"जेवला नाहीत, सार?"

"घरी जेवतो," गुरुराज म्हणाला. "एकटी किती वेळ कावळे हाकणार ती?"