दहा सेकंदांचा थांबा

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. कोणाच्या गळी उतरवायला मी बसलेले नाही. पण घडलंय हे. आमच्याच घरी, ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, गेल्या उन्हाळ्यात. आणि रात्री-बित्री नाही... भर दुपारी.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. उजवा हात तेवढा थोडा हलायचा. माउस सरकवता यायचा, पण बटण दाबायची ताकद बोटांत नव्हती.

मग मीच डोकं लढवलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन मोठे चौकोन केले. पाणी. खिडकी. आणि मला हाक. बाण चौकोनावर नेला की आवाज यायचा. आवाजही बाबांचाच, घरातल्या जुन्या व्हिडिओंतून कापून घेतलेला.

"रफिका, ये गं!"

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. बाबांचा हात थरथरायचा, बाण सगळीकडे फिरायचा. "पाणी! खिडकी! रफिका, ये गं! पाणी!"

"ताई, बाबांचा पार रेडिओ केलास की गं!" माझा धाकटा भाऊ शेदली म्हणाला. बाबाही अर्ध्या तोंडानं हसले.

म्हणून मी त्या प्रोग्रॅममध्ये थांबा टाकला. दोन सेकंद. बाण चौकोनावर दोन सेकंद टिकला तरच आवाज, जाता जाता लागला तर नाही. किती थांबा बरा पडतो ते कळावं म्हणून बाण किती वेळ टिकला याची नोंदही आपोआप व्हायची.

झकास चाललं. जरा जास्तच झकास.

बाबा दिवसभर हाका मारायला लागले. कधी उशी सरकवायला. कधी माशी हाकलायला. कधी तर काहीच नसायचं, नुसते माझ्याकडे बघत राहायचे.

जुलैतल्या त्या बुधवारपर्यंत मी सलग तीन रात्री जागले होते. डोळे चुरचुरत होते. दुपारची जेवणं झाली, सगळी गल्ली झोपली. मी दोनाचे दहा केले.

दहा सेकंद बाबांचा हात टिकणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच केले.

तासभर पडते म्हटलं. टरबूज घेऊन आलेल्या शेदलीनं दार वाजवलं, तेव्हा जाग आली. चार वाजून गेले होते.

बाबा गेले होते.

मी कोणापाशी काही बोलले नाही. कॉम्प्युटर बंद करायलाही हात धजेना. त्या खोलीचं दार तेवढं ओढून घेतलं.

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची परात अंगणात आली. तीन वाजले असतील. आणि बंद खोलीतून...

"रफिका, ये गं!"

सगळ्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. आत्या तर रडायलाच लागली.

शेदली माझ्या आधी आत धावला. खोलीत कोणी नव्हतं. खिडकी बंद. माउस पलंगावर, बाबांच्या हाताशी असायचा तिथेच. बाण तिसऱ्या चौकोनावर.

"अजून बंद का नाही केलंस हे?" तो ओरडला. "धूळ गेली असेल माउसात. बाण भरकटला असेल."

"भरकटलेला बाण दहा सेकंद एका जागी टिकतो का रे?"

माझ्या तोंडून निघून गेलं.

"दहा?" तो वळला. "दोन होते ना, ताई?"

त्यानं नोंदी उघडल्या.

त्या बुधवारची दुपार. मला हाक मारायच्या चौकोनावर एकेचाळीस वेळा. चार सेकंद. पाच. तीन. पुन्हा चार. शेवटची सहा.

शेदली एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेला. नको रे म्हटलं, तरी वाचत राहिला.

आणि नोंदी तिथे संपत नव्हत्या...

दफनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, सहा सेकंद. मग रोज. बरोबर तीनला. सहा. सात. सात. आठ. आदल्या दिवशी नऊ.

आज दहा.

रिकाम्या खोलीत कोणीतरी हात टिकवायला शिकत होतं.

शेदलीनं माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "हाक ऐकू येऊ नये म्हणून केलंस," एवढंच म्हणाला आणि न जेवता बायकोला घेऊन निघून गेला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

त्याच संध्याकाळी मी थांबा काढून टाकला. शून्य. बाण नुसता टेकला तरी आवाज येईल.

आता दुपारी मला झोप म्हणून लागत नाही. तीनच्या आधीच पलंगाजवळ जाऊन बसते. "बाबा, जागी आहे मी. मारा हाक," म्हणते. "माफ केलंत की नाही, एवढं तरी कळू द्या हो."

माउसला मी हात लावत नाही. लावायला घरात दुसरं कोणी नाही.

तीन वाजता बाण हलतो. सावकाश माझ्या चौकोनाकडे येतो... आणि कडेपाशी, केसभर अंतरावर थांबतो.

चार वाजतात. पाच वाजतात. मी विनवण्या करते, रडते, कधी चिडून ओरडतेसुद्धा.

बाण आत येत नाही.