टेबलावरचा बाण

"चेंडू आत गेला की बाण फिरलाच पाहिजे. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही. हात आपोआप गेला पाहिजे!"

प्रभाकर सरांचा हा आवाज अनुराधाच्या कानात शाळेपासून घर करून होता. सोमवारी सकाळी देवापुढे निरांजन लावताना तोच ऐकू येत होता. तेवढ्यात फोन वाजला.

अर्णव बसू, आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचे सचिव. "दीदी, लेखी तक्रार आलीय. संध्याकाळी समिती बसेल. त्याआधी शोधा, कालचा बाण कुणी चुकवला. नाहीतर स्कोअररच्या पॅनेलवरून नूपुरचं नाव काढावं लागेल."

"तक्रार कुणाची?"

"हरलेल्यांची. तुमच्या सरांची."

अनुराधाने निरांजन खाली ठेवलं.

आदल्या दिवशी सॉल्ट लेकच्या बंदिस्त मैदानावर मुलींची अंतिम लढत होती. सरांच्या संघाच्या मुली पिवळ्या, दुसरा प्रशिक्षक सुमित घोषच्या निळ्या. अगदी शेवटी, निळ्या एका गुणाने पुढे असताना, दोन्ही संघांतल्या एकेकीचे हात एकाच चेंडूवर अडकले. शिट्टी. अशा वेळी चेंडू कुणाचा, हे टेबलावरचा बाण सांगतो. एकदा यांची पाळी, एकदा त्यांची. पाळीचा चेंडू रेषेबाहेरून मैदानात आत गेला की स्कोअररने बाण लगेच उलटा करायचा. शेवटच्या सत्राची सुरुवात निळ्यांनी बाणाच्या पाळीने केली होती, म्हणजे आता पाळी पिवळ्यांची. पण बाण निळ्यांकडेच तोंड करून बसला होता. पंचाने बाण पाहिला, चेंडू निळ्यांना दिला. त्यांनी तो सोडलाच नाही आणि सामना जिंकला.

स्कोअरर होती नूपुर. सरांच्याच स्कोअरिंगच्या वर्गात शिकलेली, पण निळ्यांच्या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. पुढच्या महिन्यात तिची पंचांची परीक्षा. लोकांना बोट दाखवायला एवढं पुरेसं होतं.

आणि टेबलावर देखरेख कुणाची? अनुराधाचीच. काल संकष्टी होती, घशाला कोरड पडली होती. शेवटचं सत्र सुरू होताना ती पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलायला वाकली, आणि जे घडायचं ते तेवढ्यात घडून गेलं. चंद्रोदयाला उपास सुटला, पण घास गोड लागला नाही.

अनुराधा गेली तेव्हा नूपुर घरीच होती. डोळे सुजलेले.

"मावशी, मी फिरवला होता. बाप्पाची शप्पथ."

"चेंडू आत गेल्या गेल्या?"

"नाही, थोडा लेट. पिवळ्यांची कादंबरी बदली म्हणून आत जाण्यासाठी टेबलापाशी येऊन बसली होती. तिचा नंबर लिहीत होते. वर बघितलं आणि फिरवला."

"किती वेळा?"

"एकदाच!"

"फिरवायच्या आधी बाण कुणाकडे होता?"

"ते नाही बघितलं. हात गेला आणि फिरवला, बस." नूपुरने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सगळे बोलतात ना की मी मुद्दाम केलं... आता मलाच वाटतंय, केलं असेल. संध्याकाळी मान्य करून टाकू का? संपून तरी जाईल."

"खबरदार. न केलेल्याची कबुली देणं हेही खोटंच."

टेबलावर सामन्याचं घड्याळ सांभाळणारा सलील अनुराधाच्याच बँकेत होता. जेवणाच्या सुटीत तिने त्याला गाठलं.

"ताई, विजेचा बाण बिघडला म्हणून तो लाकडी बाण काढला ना? त्याची खुंटी अशी घट्ट, की फिरवला की खट् वाजतं. सत्र सुरू झाल्यावर ते मला दोनदा ऐकू आलं."

"त्या गोंगाटात?"

"घड्याळवाल्याचे कान आहेत हे. घरात बायकोचं ऐकू येत नाही, तो भाग वेगळा." मग त्याचा चेहरा उतरला. "नूपुरनेच दोनदा फिरवला असणार. टेबलावर होतो कोण? तुम्ही, मी आणि ती. हे समितीत सांगावं लागेल का हो?"

"खरं असेल ते सांगायचं," अनुराधा म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

राहिला सुमित घोष. फायदा त्याचा झाला होता.

"माझा बेंच सलीलच्या बाजूला, बाण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला," तो हसला. "माझा हात काय हावड्याहून सॉल्ट लेकपर्यंत पोचतो? मी तर मुलींना सगळं टॅबवर दाखवतो, जागचा उठतही नाही. तुमच्या सरांसारखी पाटी आणि हिरवं मार्कर घेऊन पळत नाही." मग तो गंभीर झाला. "पण एक सांगू, दीदी? एरवी ते साध्या धक्क्यासाठी पंचाशी तासभर भांडतात. काल त्यांच्या मुली बाणावरून ओरडत होत्या, आणि ते नुसते उभे. मला वाटलं, तब्येत बिघडली."

अनुराधा तडक मैदानाच्या सामानाच्या खोलीत गेली. बाण फळीवर पडला होता. लाल रंग, टोकाला पोपडे निघालेले. तिने तो खिडकीशी नेला. टोकावर एक पुसट हिरवा डाग होता. स्कोअररच्या टेबलावर लाल आणि निळं अशी दोनच पेनं असतात.

तिने कादंबरीला, पिवळ्यांच्या कप्तानाला फोन लावला.

"तू टेबलापाशी थांबली होतीस, तेव्हा जवळ कोण होतं?"

"सर, मॅडम. पाटीवर चाल दाखवत होते. अंगठ्याने पुसायचे, परत काढायचे. मी मात्र मैदानाकडे बघत होते, कधी आत जाते असं झालं होतं."

"ठीक आहे, बाळा."

फोन ठेवून तिने बाण पिशवीत घातला. ज्यांनी हात धरून शिकवलं, त्यांचाच हात आता धरायचा होता.

समितीच्या खोलीत सगळे जमले. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत, मान खाली. सलीलने अडखळत दोन आवाजांचं सांगितलं. नूपुरचे ओठ पांढरे पडले.

"सलील खरं बोलतोय," अनुराधा म्हणाली. "बाण दोनदा फिरला. आणि नूपुरही खरं बोलतेय. तिने एकदाच फिरवला."

"मग दुसरा हात कुणाचा?" बसूंनी विचारलं.

"दुसरा नव्हे, पहिला. चेंडू आत गेला. नूपुर नंबर लिहीत होती, मी खाली वाकले होते. बाण तसाच होता, निळ्यांकडे. शेजारच्या बेंचवरून एकजण कादंबरीजवळ आले होते. त्यांना न फिरलेला बाण दिसला. असा बाण त्यांना बघवत नाही. हात आपोआप गेला, बाण पिवळ्यांकडे झाला. अगदी बरोबर. मग नूपुरने वर पाहिलं, आणि त्यांनीच लावलेल्या सवयीने, न बघता, पुन्हा फिरवला. बाण परत निळ्यांकडे. दोघांच्याही मनात पाप नव्हतं."

तिने बाण टेबलावर ठेवला. हिरवा डाग सगळ्यांना दिसला.

"प्रशिक्षकाने टेबलाला हात लावायचा नसतो. पण फायदा निळ्यांचा झाला, म्हणून सगळे तिकडेच बघत राहिले. ज्याचं नुकसान झालं, त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही." ती कोपऱ्याकडे वळली. "सर, तुम्हाला कधी कळलं?"

सरांनी उजवा हात उघडून पाहिला.

"चेंडू त्यांना दिला, तेव्हाच. पोरी ओरडत होत्या आणि मी हा अंगठा बघत होतो."

"मग तक्रार?"

"आज सकाळी पोरींनीच लिहून आणली. 'सर, अन्याय झालाय, सही करा.' कसं सांगू, अनू, की वर्षभर राबलात आणि तुमच्याच सरांच्या हाताने हरलात? सही केली. वाटलं, टेबलाची चूक म्हणून मिटून जाईल. कुणाचं नाव जाईल, हे..." त्यांनी मान हलवली. "नाही. खोटं कशाला बोलू? कळत होतं."

"निकाल बदलणार नाही," बसू हळूच म्हणाले. "नूपुरवर ठपका नाही. सकाळी पत्रक काढतो."

"माझंही नाव घाला," अनुराधा म्हणाली. "देखरेख माझी होती, आणि मी बघत नव्हते."

सर उठून नूपुरसमोर गेले. हात जोडू लागले तशी ती एक पाऊल मागे सरली. रडली नाही.

"मी स्वतःलाच चोर समजले, सर," ती म्हणाली. "खरंच समजले."

सरांचे हात तसेच अर्धवट राहिले. "पत्रक वाचायच्या आधी पोरींना माझ्या तोंडून कळेल," ते म्हणाले. "हा शब्द तुला देतो. त्यांना नाही, तुला."

मुलींचा सराव रोज संध्याकाळी उशिरापर्यंत बराकपूरला असायचा. अनुराधा सरांच्या मागोमाग फाटकापर्यंत आली.

"सर, गाडी आहे. सोडते."

"नको गं. ट्रेनने जातो. कसं सांगायचं ते जुळवायला वेळ लागेल."

रस्ता ओलांडून ते शियालदा स्टेशनच्या बसमध्ये चढले. आत जागा होती, कंडक्टरने बसायला खूणही केली. सर दाराशीच उभे राहिले, दांड्याला धरून, ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत. बस हलली.