पस्तिसावी फेरी

गुरुवार रोजच्यासारखाच होता. शाळेत शिकवून घरी आल्यावर अंबुजाने पाय धुतले, कॉफी गाळली आणि पितळी टंबलर वडिलांच्या हातात देऊन त्यांची बोटं त्याभोवती नीट मिटेपर्यंत ती थांबली. हनुमंतरावांची दृष्टी जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी बसकंपनीच्या शेडमध्ये ते रोज सकाळी जात. इंजिन सुरू करायला लावायचं, मान उजवीकडे कलती करून ऐकायचं, आणि नाच्चियारकोविलच्या गाडीचा कोणता व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते सांगायचं. डोळस मेकॅनिक मग तो शोधून काढत.

"रविवारी मोंझा," कॉफीचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले. "सालातली शेवटली शर्यत. तक्ता आखून ठेविलीस कां?"

"पन्नास फेऱ्यांचा. कालच आखला."

दुसऱ्या महायुद्धात हनुमंतराव फौजेच्या वर्कशॉपबरोबर इटलीत होते. मिलानजवळच्या एका मोठ्या बागेत लष्कराच्या गाड्या उभ्या असत. ती जागा म्हणजे मोंझाची, मोटारींच्या शर्यतीची वाट आहे, हे त्यांना तिथे कळलं. एका दुपारी त्यांनी त्या वाटेवरून फौजेचा ट्रक पळवला, एकच फेरी. परत आले ते त्या एका फेरीचं वेड घेऊन. कुंभकोणमच्या त्या तंजावरी मराठी घरात तेव्हापासून युरोपातल्या शर्यती अशा काही पाळल्या जात, जशी इतर घरांत एकादशी.

शर्यत सुरू व्हायच्या वेळेला हनुमंतराव माजघरात आरामखुर्चीत बसायचे. हातात स्टॉपवॉच. रेडिओ बंद. मनातल्या मनात गाड्या सोडायचे आणि एकेक फेरी बोलून दाखवायचे: कोण पुढे, कोण मागे, कुणाचं टायर गेलं. अंबुजा ते तक्त्यात पेन्सिलीने उतरवायची. बुधवारी तो तक्ता शेडमध्ये जायचा. तिथे महालिंग, त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला मेकॅनिक, एका हातात तक्ता आणि दुसऱ्या हातात पेपर धरून मोठ्याने ताडून बघायचा. तक्ता चुकला तर हनुमंतराव सगळ्यांना कॉफी पाजणार, जुळला तर महालिंग. तीन वर्षं महालिंगच पाजत होता. आंधळ्या माणसाला सातासमुद्रापलीकडचं दिसतं, असं शेडमध्ये बोललं जाई, आणि हनुमंतराव ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

त्यांना काहीच दिसत नव्हतं, हे फक्त अंबुजाला ठाऊक होतं. मद्रासचा पेपर आधी तिच्या शाळेच्या वाचनालयात यायचा. मंगळवारी ती निकाल वाचायची, घरी येऊन रबराने दोन-चार आकडे पुसायची आणि नवे घालायची. दृष्टी गेल्यावर पहिल्यांदा तक्ता चुकला, तेव्हा उद्या शेडमध्ये हसतील एवढंच तिच्या मनात आलं होतं. एकदाच करायचं, असं तिने ठरवलं होतं. आजवर अकरा पानं झाली होती.

"थोरल्यांचे तीस गुण," हनुमंतराव सांगत होते. खेळाडूंची नावं ते घेत नसत. दरसाल जिंकणारा पंचेचाळिशीचा तो थोरले, आणि त्याच्याच संघातला चोविशीचा पोरगा तो धाकटा. "धाकट्याचे बावीस. जिंकण्यास आठ आणि सर्वांत वेगवान फेरीस एक. म्हणजे तो जिंकला, ती फेरीही त्याचीच झाली, आणि थोरल्यांस काहीच न मिळालं, तर एकतीस. एका गुणानं जगज्जेता."

"तुमास काय वाटतं?"

त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने वाट काढली. दरवर्षी काढायचे. लांब सरळ पट्टा, मोठा अंडाकार वळसा, मग आतली वाट, आणि एके ठिकाणी एक रेघ दुसरीला ओलांडून जाणारी. अंबुजाला गुदगुल्या झाल्या.

"रविवारी सांगतो," ते म्हणाले.

तेव्हाच सांगून टाकावं असं तिला वाटलं. अप्पा खुशीत होते. हसलेही असते कदाचित. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या, मीनाक्षीबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बापलेकीची शर्यत संपली असेल तर ताटं घ्या! भात माझ्यासाठी थांबणार नाही!"

शुक्रवारी पहाटे हनुमंतरावांनी कॉफी मागितली नाही. अंबुजा हाक मारायला गेली तेव्हा ते कुशीवर होते, आणि उजवा कान वर होता.

दुपारपर्यंत कावेरीकाठी सगळं झालं. पापनाशमहून पुतण्या गोपालकृष्ण आला, त्याने अग्नी दिला. संध्याकाळी आत्यांनी घरच्या रीतीप्रमाणे माजघरात, जिथे प्राण गेला तिथे, दिवा लावला. दिव्यापुढे परातीत तांदळाचं पीठ सपाट पसरलं आणि वर वेताची टोपली पालथी घातली. गेलेला माणूस पुढे कुठल्या वाटेने जातो, त्याची खूण सकाळी पिठात उमटते.

अंबुजाने इंग्रजी वाचलं होतं, तमिळ वाचलं होतं, अशा खुणांवर हसणारी पुस्तकंही वाचली होती. पीठ मात्र तिनेच चाळून दिलं होतं.

शनिवारी सकाळी आत्यांनी टोपली उचलली. पिठावर एक रेघ होती. काडीने ओढावी तशी बारीक, कडा स्वच्छ. मोठा अंडाकार वळसा घेऊन ती जिथून निघाली होती तिथेच मिळाली होती.

"नाग बोलू, की वेल बोलू?" आत्या वाकून म्हणाल्या.

"पाल बोला," गोपालकृष्ण म्हणाला. "टोपलीस भोकं आहेत, आत्या."

"तुझ्या घरची पाल गोल फिरत असेल. आमची सरळ चालते."

सुतकाच्या घरात सगळेच थोडे हसले. आत्यांना खूण अर्धवट वाटली. त्यांनी पीठ हाताने सपाट केलं आणि टोपली पुन्हा झाकली.

दुपारी महालिंग आला. डोळे सुजलेले. तो ओसरीवरच बसला. मग तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, उद्याचा तक्ता कोण लिहिणार?"

"कोण बोलणार ते विचार."

"ते बोलतीलच हो," महालिंग म्हणाला. मग त्याने विचारलं, "अक्का, शाळेत पेपर माझ्याआधी येतो ना?"

अंबुजाने त्याच्याकडे पाहिलं. तो ओसरीखालच्या चपला सरळ करत होता.

"अय्यांना कधी सांगितलं नाही मी," तो म्हणाला. "कॉफी काय, पाजली. त्यांचं तोंड बघायला मिळायचं."

तो गेल्यावर ती खांबाला टेकून तशीच बसली. महालिंगला ठाऊक होतं. मग अप्पांना? ज्या माणसाला चाळीस हात लांबून व्हॉल्व्ह ऐकू येतो, त्याला शेजारच्या खोलीत कागदावर घासणारं रबर ऐकू आलं नसेल? आणि ठाऊक असेल तर तीन वर्षं ते कशासाठी गप्प बसले? हे आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. सांगायलाही.

रविवारी सकाळी कावेरीत अस्थी सोडून आल्यावर टोपली उघडली. आज वळसा होता, आणि त्याच्या पोटात दुसरी वाट होती. लांब पट्ट्यापाशी दोन रेघा शेजारी शेजारी धावत होत्या, आणि एके ठिकाणी एक रेघ दुसरीला ओलांडत होती.

अंबुजाने तो आकार कागदावर कधीच पाहिला नव्हता. ओळखला तो तिच्या तळव्याने. तिने मूठ मिटून पदराखाली घेतली.

"कमळ," आत्या समाधानाने म्हणाल्या. "चांगली गती आहे माझ्या भावास." त्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा निवांतपणा आला. अंबुजाने तो मोडला नाही. दहाव्यापर्यंत दिवा आणि टोपली जागेवर ठेवायची रीत होती, म्हणून आत्यांनी पीठ सपाट करून टोपली पुन्हा झाकली.

संध्याकाळी सातच्या पुढे गोपालकृष्ण ओसरीवर आडवा झाला. आत्या जपाला बसल्या. अंबुजा माजघरात दिव्याजवळ बसली, मांडीवर पन्नास फेऱ्यांचा तक्ता, बाजूला स्टॉपवॉच. तिला भीती वाटत नव्हती. रविवारी या वेळेला ती इथेच बसायची, एवढंच. खुर्ची रिकामी होती आणि सारंगपाणीच्या देवळाची घंटा नेहमीसारखी वाजत होती.

साडेसात झाले आणि टोपलीखाली आवाज सुरू झाला.

बारीक होता. पिठातून काही सरकल्यासारखा. तिने टोपली उचलली. आवाज थांबला. पाल नव्हती, मुंगीसुद्धा नव्हती. सकाळी आत्यांनी सपाट केलेल्या पिठात रेघ नुकती सुरू झाली होती, आणि मध्येच तुटली होती. तिने टोपली ठेवली. आवाज पुढे निघाला.

तिने स्टॉपवॉच दाबलं.

सरळ पट्ट्यावर आवाज एकसारखा लागे, वळणावर दबे. फेरी पुरी होताना एक हलकं टक्. दोन मिनिटं पन्नास सेकंद. पुढची, दोन पन्नास. पुढची, दोन एकोणपन्नास. ती लिहीत गेली. कधी कुणाचा आकडा कुठे घालायचा, हे तिने ठरवलं नाही. हात ठरवत होता, आणि तो इतक्या सवयीने चालला होता की तिला झोपेसारखं सुख वाटू लागलं.

दहा फेऱ्या. वीस. आत्यांच्या माळेचे मणी आणि पिठातला तो आवाज. घर इतकं शांत तिने कधी ऐकलं नव्हतं.

तीस.

चौतीस.

पस्तिसाव्या फेरीला आवाज थांबला.

टक् झालं नाही. काटा फिरत राहिला.

माळ थांबली. "अंबुजे," आत्यांनी हळूच विचारलं, "कोण उतरलं गं?"

"कुठे?"

"काय की. मज तसं वाटलं." माळ पुन्हा सुरू झाली.

आणि आवाजही. पण आता वळणं वेगळी घेतली जात होती. उशिरा दबे, लवकर सुटे. तीच गाडी, दुसरा पाय.

पन्नासावी फेरी संपली तेव्हा दहाला थोडा वेळ होता. अंबुजाने न वाचताच तक्त्याची घडी घातली, ती तिथेच चटईवर आडवी झाली, आणि शुक्रवारनंतर पहिल्यांदा गाढ झोपली.

मंगळवारी महालिंग पेपर घेऊन आला. "बुधवारपर्यंत राहवलं नाही," तो म्हणाला. "आणा अक्का. या खेपेला तरी पेपर आधी माझ्याकडे आहे."

तिने घडी घातलेला तक्ता तसाच दिला. तो ओसरीवर मांडी घालून बसला आणि नेहमीसारखा दोन्ही हातांत दोन्ही कागद धरून मोठ्याने ताडू लागला. शेवटी त्याचा आवाज बारीक होत गेला.

"थोरले दुसरे. जुळलं. पण जगज्जेते. जुळलं." त्याने तक्ता डोळ्यांजवळ नेला. "पस्तिसाव्या फेरीसमोर काय लिहिलंय? हे तमिळ नाही, इंग्रजी नाही. कसलं अक्षर आहे हे, अक्का?"

तिने पाहिलं. तक्ताभर तिचे आकडे होते. त्या एका घरात मात्र अक्षर न तोडता, हात न उचलता लिहिलेली एक ओळ होती. मोडी. हनुमंतराव त्यांच्या वडिलांकडून शिकले होते, डोळे असेतो हिशेब-पत्रं त्यातच लिहायचे. अंबुजाला मोडी अडखळत वाचता यायची. लिहायला ती कधी शिकलीच नव्हती.

"धाकटा आपण होऊन उतरला," तिने वाचलं. "थोरल्यांस आपली गाडी दिली."

महालिंगने पेपरातल्या छोट्या इंग्रजी मजकुरावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहू दिलं. थोरल्यांची गाडी बिघडली होती. जगज्जेता होण्याची संधी असलेला पोरगा मध्येच थांबला, उतरला आणि आपली गाडी त्यांना देऊन बाजूला उभा राहिला.

पेपराची घडी घालत महालिंग म्हणाला, "कॉफी माझ्याकडे. सुतक फिटलं की."

त्या संध्याकाळी अंबुजाने माजघरात दिव्यात तेल घातलं. शर्यतींचं साल संपलं होतं. पुढची शर्यत नव्या वर्षात. तरी तिने एक कोरा कागद मांडीवर घेतला होता, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. आत्या स्वयंपाकघरात ताक घुसळत होत्या. सगळं आपापल्या जागी होतं.

टोपलीखाली आवाज सुरू झाला.

पेन्सिल चालू लागली. आधी वर तारीख पडली: पाच जुलै एकोणीसशे त्रेपन्न. फ्रान्सची शर्यत. तिने पुसलेलं पहिलं पान. खाली एकेक फेरी येऊ लागली, त्या संध्याकाळी अप्पांनी बोलून दाखवली होती तशीच, सगळ्या चुकांसकट. रबर लागण्याआधीची. एकही आकडा ते विसरले नव्हते.

अकरा पानं होती. घाई कसलीच नव्हती, पण आवाज थांबत नव्हता.

अंबुजाने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

"थांबा अप्पा, जरा थांबा," ती म्हणाली. "लिहिते मी, सगळी लिहिते. पण आधी मज बोलू द्या. तक्ते तुमचे चुकत होते. मी बदलत होते. शर्यतीतलं मज काही कळत नाही अप्पा, कधीच कळलं नाही. तुम्ही खूश होऊन पुढल्या रविवारी मज पुन्हा जवळ बसवावं, म्हणून बदलत होते."