खेड मतदारसंघाचा दहावा

कुंडलिकरावांची वही रविवारी सकाळी चोराने स्वतःच आणून दिली आणि मग सगळ्यांनी चहा घेतला.

हे वाक्य आपण वाचलंच नाही. कारण आज शुक्रवार आहे, वही गायब आहे आणि गोरखच्या मोटरसायकलचं पेट्रोल कळंबच्या अलीकडेच संपलं आहे.

"ढकल," तेजस्विनी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

गोरखची ही मावसबहीण मंचरला 'खाजगी तपास' अशी पाटी लावून बसायची. दहातले नऊ तपास 'मुलगा पितो का' एवढेच असत. गोरख गाडीसकट तिचा मदतनीस होता.

साल २००८. लोकसभेचा खेड मतदारसंघ सरकारने मोडला होता; आंबेगाव-जुन्नर आता शिरूरच्या नावाने मतं देणार होते. म्हणून कळंबमधल्या उद्योगी मंडळींनी रविवारी त्याचा दहावा ठेवला होता. कावळा कुठून आणायचा, यासाठी समितीही नेमली होती.

दहाव्याला कुंडलिकराव मतदारसंघाचा इतिहास वाचणार होते. कुणाची जीप कुठल्या ओढ्यात रुतली, कुणी किती वेळा एकाच पुलाचा नारळ फोडला, सगळं त्यांनी तीस वर्षं वहीत लिहिलं होतं.

"काचबिंदू हाय मला," घराच्या ओट्यावर येरझारा घालत ते म्हणाले. "डॉक्टर म्हंत्यात, दिवाळीपातुर दिसंल. पुन्यांदा लिहिनं व्हायचं न्हाई, ताई."

भिंतीतल्या देवळीत वहीच्या जागी चिठ्ठी होती. शाईपेनाने लिहिलेली. 'वही दहाव्यानंतर परत मिळेल. शोधू नये.'

"सभ्य चोर दिसतोय," गोरख म्हणाला.

तेजस्विनीने चिठ्ठी उजेडात धरली. "घड्या बघ. उभी घडी सबंध एकाच अंगाला मोडलीय. आडवी अर्धी इकडं, अर्धी तिकडं. म्हणजे आधी उभी घातली, मग आडवी."

गोरखने बघितलं. त्याला घड्याच दिसल्या.

घरात वावर असलेली माणसं तीनच. तेजस्विनीने प्रत्येकाच्या हातात दहाव्याचं एकेक पत्रक दिलं.

कुंडलिकरावांच्या पत्नी चिमाबाई शेंगा फोडत होत्या. "म्या चोरली असती तर कवाच चुलीत घातली असती! परत कशाला दीन? तीस वरीस सवत सांभाळली म्या." पत्रकाचा त्यांनी पुडा केला आणि त्यात दाणे भरले.

दादाभाऊ कार्यकर्ते. पाच पक्ष झाले होते, सहाव्याची बोलणी चालू होती. "त्या वहीत माझं नाव सतरा ठिकाणी हाय, राव. सोळा ठिकाणी शिव्या हायत, पन नाव हाय! ऐकायला नवा सदरा शिवलाय म्या." पत्रक त्यांनी चुरगाळून खिशात कोंबलं.

संपत गुरुजी निवृत्त शिक्षक. दर निवडणुकीला केंद्रावर त्यांचीच ड्युटी, मतदार यादीचं कामही त्यांचंच. वहीतलं शुद्धलेखन तेच तपासत होते.

"कुठवर आलं?" तेजस्विनीने विचारलं.

"अठ्ठ्याण्णवपर्यंत. मग डोळे दुखायला लागले." बोलता बोलता त्यांनी पत्रकाला उभी घडी घातली, मग आडवी, वरून नख फिरवलं आणि पत्रक पुन्हा उलगडून तिच्याच हातात दिलं.

गोरखला वाटलं, काय शिस्त!

शनिवारभर तेजस्विनी एका जागी बसली नाही. गोरखने तीनदा पेट्रोल भरलं.

रविवारी सकाळी सगळे ओट्यावर जमले.

"चोराला वही नको होती," ती म्हणाली. "फक्त आजचं वाचन टाळायचं होतं. चिमाबाईंनी ती परत दिलीच नसती. दादाभाऊंना वाचन हवंच होतं. मग राहिलं कोण? ज्यानं वही वाचली आणि अठ्ठ्याण्णवला येऊन थांबला."

"पुरावा?" दादाभाऊ खूश होऊन म्हणाले.

"घडी. मतपत्रिका होत्या तेव्हा शिक्क्याची ओली शाई शेजारच्या चिन्हावर उमटू नये, म्हणून केंद्रावरचा अधिकारी आधी उभी घडी घालायचा, मग आडवी. घडी कळावी म्हणून उलगडून मतदाराच्या हातात द्यायचा. हजारो वेळा. काल दिवसभर जुन्या केंद्राधिकाऱ्यांना हेच विचारत फिरले. गुरुजी, परवा मला तुम्ही मतदार केलंत."

गुरुजी उठले, घरी गेले, वही घेऊन आले. चिमाबाईंनी चहा ठेवला.

"सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर यादी दुरुस्तीला गेलो," गुरुजी म्हणाले. "धनगरवाड्यावर सरुबाईच्या घराला कुलूप. मेंढरं कोकणात उतरलेली. पुन्हा फेरी मारायची होती, मी मारली नाही. रकान्यात 'मयत' लिहून मोकळा झालो. फेब्रुवारीत ती मतासाठी माळशेज चढून आली. मीच तिला सांगितलं, यादीप्रमाणे तुम्ही मयत आहात."

"म्या व्हतो तितं," कुंडलिकराव म्हणाले. "पन यादीत तुमी लिव्हलं, हे मला ठावं नव्हतं. तेवढं लिव्हायचं ऱ्हायलं."

दुपारी दहाव्याला त्यांनी तेच पान उघडलं आणि वही गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी पान वाचलं. राहिलेलं तोंडाने सांगितलं.

बायकांतून एक म्हातारी उठली. सरुबाईच ती. "मंजी म्या जित्ती हाय, हे ठरलं. मंग माझं त्या वक्ताचं मत द्या."

"मावशे, मतदारसंघच मेला की!" दादाभाऊ म्हणाले.

"त्यो मेला. म्या न्हाई."

गुरुजींनी शाईपेन काढलं, गोरखच्या पाठीवर कागद ठेवला आणि लिहिलं:

'प्रति, मा. मुख्य निवडणूक अधिकारी. महोदय, श्रीमती सरुबाई या सन १९९८ मध्ये हयात होत्या व आजही आहेत. चूक माझी आहे. तरी खेड मतदारसंघ एका मतदाराकरिता, एका दिवसापुरता, सकाळी आठ ते सायंकाळी पाच या वेळेत पुनश्च अस्तित्वात आणून त्यांचे राहिलेले मत स्वीकारण्यात यावे, ही नम्र विनंती. केंद्रावर निम्नस्वाक्षरीकार विनामोबदला हजर राहील.'